बंदुकीसाठी कर्ज

रेडिओवर बोलायला बसलं की आम्हाला दर वेळी वाटतं, समोर कुणीच नाही आणि तरी तुम्ही सगळ्या आहात. कुणी चुलीपुढं, कुणी गोठ्यात, कुणी रानात खुरपताना फोन पदराला बांधून ऐकतीय. आज जे सांगणार आहोत ते आमच्या एका गटाच्या बैठकीत घडलेलं आहे. जिचं आहे तिला विचारून सांगतोय. ती म्हणाली, सांगा, पण माझं नाव नको आन् गावाचं पण नको. म्हणून एवढंच सांगतो, तालुका करमाळा, उजनीच्या फुगवट्याचा काठ. तिला आपण वहिनी म्हणू.

नेहमीची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, मग अंतर्गत कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला पोराची कॉलेजची फी भरायची होती. वहिनींची पाळी आली. त्यांनी तीस हजार मागितले. एवढी रक्कम त्यांनी कधी मागितली नव्हती. सचिव बाईनं वहीत आकडा लिहिला आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "कारण काय लिहू?"

वहिनी खाली बघून म्हणाल्या, "बंदूक."

आधी सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. सचिव बाईचं पेन तसंच धरलेलं राहिलं. खरं सांगतो, आम्ही इतकी वर्षं गटांचं काम करतो, दशसूत्री पाठ आहे, कर्ज कशाला द्यावं नि कशाला देऊ नये यावर प्रशिक्षणं दिलीत. पण त्या दिवशी आमच्याकडं उत्तर नव्हतं.

वहिनींच्या घरची गोष्ट थोडक्यात अशी. मालक दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडले, तेव्हापासून कंबर साथ देत नाही. होडी होती, जाळी होती, म्हणून वहिनी पाण्यावर जायला लागल्या. सोबत सोळा वर्षांचा पोरगा. दिवस मावळता जाळं टाकायचं आणि पहाटं, उजाडायच्या आत, काढायचं. चिलापी, रोहू, कटला, कधी एखादी वाम जे मिळंल ते सकाळच्या लिलावाला घालायचं. आपल्याकडं बाया मासे विकतात, जाळी विणतात, सुकवतात, पण रात्री पाण्यावर जाणाऱ्या थोड्याच. त्यामुळं बोलणारे बोलत होतेच.

त्या महिन्यात त्यांची जाळी तीनदा गेली. एकदा कापून नेली, दोनदा सगळीच. जाळं म्हणजे काय, ते काठावरच्यांना सांगायला नको. एक जाळं गेलं की महिन्याची कमाई गेली. आणि मग एका पहाटं एक मोठी बोट त्यांच्या होडीला भिडली. तोंडावर बॅटरी मारली. तिघं-चौघं होते. काय बोलले ते वहिनींनी बैठकीत सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "पोराच्या म्होरं बोलले." वाळूवाले होते का जाळीचोर का नुसते पिऊन हिंडणारे, ते अंधारात कळलं नाही. घरी मालकाला सांगितलं नाही, कारण तो झुरंल आणि पाण्यावर जाऊ नको म्हणंल. मग खायचं काय?

लिलावाच्या जागी येणाऱ्या एका पाव्हण्यानं हे कुठून तरी ऐकलं. तो म्हणाला, "वहिनी, छोटी वस्तू हाय. कमरंला बसती. तीस हजारात आणून देतो, काडतुसासकट. एकदा दावली की कोण जवळ येत न्हाई."

बैठकीत दोन तट पडले. अर्ध्या बाया म्हणाल्या, द्या कर्ज. ती फेडणारी बाई आहे, एक हप्ता चुकवला नाही, कशाला घ्यायचं ते तिचं ती बघंल. आमच्यातल्या सगळ्यात वडील आक्का तर म्हणाल्या, "बिबट्याच्या साली आपल्यापाशी एक बंदूक असती तर ती लेकरू तरी वाचलं असतं."

आक्कांनी बिबट्याचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला, कारण ते वर्ष आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. डिसेंबर २०२०. त्याआधी बीड जिल्ह्यात आष्टीकडं माणसं गेल्याच्या बातम्या येत होत्या. मग आपल्या करमाळ्यात पहिल्या एका आठवड्यात तीन जीव गेले. एक शेतकरी, एक रानात काम करणारी बाई आणि चिखलठाणला ऊसतोड मजुराची आठ वर्षांची मुलगी. उसाला पाणी द्यायला कुणी जाईना. दिवस मावळायच्या आत कड्या लागायच्या. होड्या काठाला बांधलेल्या तशाच राहिल्या, कारण होडीपर्यंत जायची वाट उसातनं.

पण त्या वेळी बंदुका नव्हत्या असं नाही. वनखात्यानं पिंजरे लावले, कॅमेरे लावले, बाहेरून नेमबाज आणले. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा रीतसर हुकूम निघाला होता. एवढं सगळं असून १८ डिसेंबर उजाडला, तेव्हा कुठं वांगी शिवारात अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटलांच्या गोळीनं तो बिबट्या पडला. म्हणजे शिकलेले नेमबाज, चांगल्या रायफली, हाताशी शेकड्यानं माणसं, आणि दोन आठवडे लागले. आम्ही आक्कांना म्हटलं, आक्का, ती उसात वाकून काम करणारी बाई, तिच्या कमरेला पिस्तूल असतं तरी बिबट्या मागनं येतो. आक्का म्हणाल्या, "ते बी खरं." पण पुढं लगेच म्हणाल्या, "पर भ्या कमी वाटलं असतं." आक्कांचं हे दुसरं वाक्यही खोटं नव्हतं.

आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. कर्ज नाकारलं नाही, मंजूरही केलं नाही. त्या आठ दिवसांत आम्ही चौघींनी जे विचारून, वाचून, करून पाहिलं ते आता सांगतो.

पहिलं कायद्याचं. आपल्या देशात बंदूक जवळ ठेवायची तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणं परवाना लागतो. आपल्या ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो, सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडून. वय एकवीस पूर्ण पाहिजे. अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद, आणि जिवाला धोका आहे ते पटवून द्यावं लागतं. एवढं करूनही मिळंलच असं नाही. तुमच्या जिवाला धोका आहे हे कागदावर कसं दिसणार, तर आधी तुम्ही पोलिसात तक्रार दिलेली असली पाहिजे. वहिनींनी एकही तक्रार दिलेली नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढं याच्याकडं परत येऊ.

पाव्हण्याची ती तीस हजाराची वस्तू म्हणजे गावठी कट्टा. त्याला परवाना नसतो, मिळतही नाही. विनापरवाना बंदूक नुसती जवळ सापडली, एकदाही उडवली नाही, तरी २०१९च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे, वर दंड. विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, पण पाव्हणा कधी सापडतो? सापडते ती होडीतली बाई, आणि होडीत तिच्यासोबत बसलेला सोळा वर्षांचा पोरगा. शिवाय असल्या हत्याराच्या नळीचं पोलाद कसलं, काडतूस बसतं का नाही, याचा भरवसा कुणी द्यायचा? उडवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतं. तो हात गेला तर जाळं कोण ओढणार?

दुसरं, बाईसाठी म्हणून सरकारी कारखान्यानंच एक छोटं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, ते कळलं. नाव 'निर्भीक'. दिल्लीच्या त्या मुलीच्या प्रकरणानंतर जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्यानं ते बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावंल असं. किंमत त्या वेळी एक लाख बावीस हजारांच्या वर. आमच्यातली एक म्हणाली, "एवढ्यात माझ्या दोन म्हशी येत्यात." हसण्यावारी गेलं, पण हिशोब बरोबर होता. ज्या बाईला पाण्यावर जावं लागतं तिला ते परवडत नाही, आणि जिला परवडतं तिला पहाटं पाण्यावर जावं लागत नाही. परवाना मिळाला तरी निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ साली आपल्याकडं मे महिन्यात लोकसभा झाली आणि नोव्हेंबरात विधानसभा. जाळीचोर काय आचारसंहिता पाळतो होय?

आणि चालवली तर? स्वतःचा जीव, अब्रू वाचवायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याचीच आहेत. बलात्काराची, जिवाची, जबर मारहाणीची खरी भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि नुसतं कुणी जाळं चोरतोय म्हणून त्याला गोळी घालता येत नाही. अंधारात, हलत्या होडीत, समोरचा जाळं न्यायला आलाय का जीव घ्यायला, हे बाईनं दोन क्षणांत ठरवायचं. मग ते बरोबर ठरवलं होतं का हे कोर्ट दहा वर्षं ठरवत बसणार.

एकीनं विचारलं, मग कोयता चालतो का? घरकामासाठी, शेतीसाठीच बनवलेल्या वस्तू, साधी काठी, हे या कायद्यातल्या हत्यारात धरत नाहीत. जाळं कापायला, मासा साफ करायला होडीत विळा असतोच. पण तो कुणाच्या अंगावर नेला की गोष्ट वेगळी.

आता आम्ही जे करून पाहिलं ते. हे सांगताना आम्हाला थोडी लाजही वाटते, कारण काठावरच्या पोरांनी आमची चांगली चेष्टा केली. आम्ही चौघी दिवसाउजेडी वहिनींच्या होडीत बसलो. पिस्तुलाच्या जागी हातात बॅटरी घेतली. जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा पांढरा तुकडा वीस-पंचवीस हातांवर तरंगत होता. म्हटलं, हा चोर. याच्यावर प्रकाश धरून ठेवायचा, दहा आकडे मोजेपर्यंत.

एकीलाही जमलं नाही. वारा नव्हता, तरी होडी श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. प्रकाश तुकड्याच्या खाली, वर, एकदा तर पोराच्याच डोक्यावर. उठून उभं राहायला गेलो तर होडी एका अंगाला गेली आणि आमच्यातली एक, जी रोज उड्डाणपुलावरून स्कूटी चालवते, ती किंचाळून खाली बसली. मग वहिनी म्हणाल्या, "आता जाळं वढताना धरा." जाळं ओढायला दोन्ही हात लागतात. हाताला माशाची बुळबुळ. पिस्तूल कुठं ठेवणार? कमरेला ठेवलं तर वाकलं की टोचणार, भिजणार. पिशवीत गुंडाळून क्रेटखाली ठेवलं तर काढेपर्यंत समोरचा होडीत चढलेला असंल. आणि ते तिघं-चौघं होते. एकीनं काढली आणि उडवायला हात धजला नाही, तर पुढच्या क्षणाला ती कुणाच्या हातात असंल?

वहिनी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. होडी वल्हवत काठाला आणली. उतरताना म्हणाल्या, "मला ही ठाऊक हुतं. पर म्या दुसरं काय करू ते कोण सांगत न्हाई."

बाहेरच्या जगातलंही थोडं वाचलं. अमेरिकेत अलास्का म्हणून थंड मुलूख आहे, तिथं नदीवर मासे खायला अस्वलं येतात आणि गळ टाकणारी माणसं कमरेला पिस्तूल बांधून जातात. तिथं कायदा वेगळा, बंदुका घरोघरी. तरी तिथलं वन्यजीव खातं लोकांना सांगतं, आवाज करत चाला, एकटे जाऊ नका, तिखटाचा फवारा मारायचा डबा जवळ ठेवा. आपल्या देशात बंगालच्या सुंदरबनात वाघ आहेत. तिथं १९८६च्या सुमारास मासेमारी करणाऱ्यांना नि मध काढणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायला दिला होता, कारण वाघ पाठीमागून येतो. फवाऱ्याचं आमच्याही मनात आलं होतं. मिरचीचा फवारा बाजारात मिळतो, जवळ बाळगायला परवाना लागत नाही. पण होडीत वारा समोरून असला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. ज्या ठेवतात त्यांनी वारा बघून वापरायचा, हे लक्षात असू द्या.

पण या सगळ्या शोधात एक गोष्ट आमच्या डोळ्यांपुढं होती आणि आम्ही तिच्याकडं बघतच नव्हतो. आपल्या फुगवट्यावर माणूस मरतो तो कशानं? २१ मे २०२४ आठवा. कुगाव ते कळाशी जाणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते, एक जण पोहून आला, सहा गेले. त्यात लहान लेकरं होती. किती दिवस काठावर माणसं उभी होती. आपण सगळ्यांनी ते पाहिलं, आणि दुसऱ्या आठवड्यात परत तसेच, अंगावर काही न घालता, होडीत बसलो.

उजनीचं पाणी म्हणजे ११७ टीएमसी. १९८० साली धरण पुरं झालं आणि गावंच्या गावं, देवळं, चिंचा-बाभळी पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते तुम्ही पाहिलंय. तशा किती भिंती, किती बुंधे खाली आहेत. जाळं त्यात अडकतं, बाई ओढायला वाकते, होडी कलते. उन्हाळ्यात वळवाचा वारा कुठून उठंल सांगता येत नाही. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे होडीतलं माणूस, वीज त्याच्यावर पडायला वेळ लागत नाही. आम्ही वहिनींना विचारलं, पोहता येतं का? म्हणाल्या, "पोराला येतं." म्हणजे बंदुकीसाठी तीस हजार काढायला निघालेल्या बाईला पोहता येत नव्हतं. हे आम्ही त्यांना दोष द्यायला सांगत नाही. आम्हालाही येत नाही.

मग पुढच्या बैठकीला आम्ही आणखी एक गोष्ट ठरवून गेलो. आधी तक्रार. वहिनी, त्यांचा पोरगा, ग्रामसंघाच्या अध्यक्ष आणि आम्ही दोघी असे पाच जण पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही. तिथं पहिलं उत्तर मिळालं, "पाण्यात कुठं घडलं? मधल्या धारेच्या पलीकडं असंल तर आमची हद्द नाही, पलीकडच्या जिल्ह्यात जा." आता बघा, आपला जलाशय तीन जिल्ह्यांत पसरलाय. सोलापूर, पुणे आणि नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. पाण्यावर काय कुणी बांध घातलाय? या हद्दीच्या घोळामुळंच जाळीचोरीची तक्रार कुणी देत नाही, आणि चोराला हे पुरतं ठाऊक आहे.

आम्ही घरून वाचून गेलो होतो म्हणून टिकलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायला येते, हद्द कुठलीही असो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ते लिहून घेतात आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडं पाठवतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नाहीच घेतली तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं पाठवता येते. हे आम्ही सांगितलं. चार तास बसलो. दोनदा चहा झाला, आमच्या पैशानं. शेवटी घेतली. बाईच्या अंगावर बोट घालून घाण बोलल्याचं वहिनी सांगायला तयार नव्हत्या, पण महिला पोलीस बाईनं वेगळं बसवून शांतपणे विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या पोलीस बाईचे आभार मानायला पाहिजेत, कारण तिनं एकदाही "रात्री कशाला जाता" असं विचारलं नाही.

तिसरी गोष्ट निघाली ती आमच्या डोक्यात आलीच नव्हती. वहिनी मासे धरतात, पण मच्छीमार सहकारी संस्थेत सभासद मालक. वहिनींचं नाव कुठंच नाही. मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांना अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, हप्ता सरकार भरतं. वहिनींचं काही बरंवाईट झालं असतं तर कागदावर त्या मच्छीमार नव्हत्याच, फक्त एका मच्छीमाराची बायको. आता त्यांचा अर्ज दिलाय. संस्थेत थोडी कुरकुर झाली, "बायामाणसं कशाला" वगैरे. ज्यांनी कुरकुर केली त्यांच्याच घरच्या दोघींनी मग आपलेही अर्ज दिले, ते बरं झालं.

कर्ज मंजूर झालं. तीस नाही, अठरा हजार. इतिवृत्तात कारण लिहिलंय: दोन जाळी, तीन जॅकेट, दोन बॅटऱ्या. जॅकेट फोमचीच घ्या, फुगवायची घेऊ नका, काट्यानं भोक पडलं की संपलं. जॅकेट येईपर्यंत वहिनींनी तेलाचे दोन रिकामे कॅन झाकण घट्ट लावून होडीत बांधले होते, तेही वाईट नाही. जाळ्याच्या प्रत्येक बोयाला आणि कडेच्या दोरीला एकाच रंगाची खूण केली आणि तिचा फोटो तक्रारीला जोडला. जाळं बाजारात किंवा कुणाच्या होडीत दिसलं तर आपलंच आहे हे दाखवता यावं म्हणून. फोनमध्ये दामिनी ॲप टाकलं, पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की कळवतं. ११२ नंबर पोराच्या आणि त्यांच्या दोघांच्याही फोनमध्ये आहे, बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गळ्यात, क्रेटमध्ये नाही.

आणि वहिनी आता एकट्या होडीनं जात नाहीत. त्यांची जाऊ आणि पलीकडच्या वस्तीवरची एक जोडी, अशा दोन होड्या एका वेळेला निघतात, एकमेकींचा दिवा दिसंल एवढ्या अंतरावर. काठावर कुणीतरी एक जागं असतं, शिट्टी घेऊन. पहाटं साडेचारला निघतात, उशिरा उजाडायच्या दिवसात पाचला. लिलावाला थोडा उशीर होतो, भाव किलोमागं दोन-चार रुपये पडतो. वहिनींनी तो हिशोब मांडून पाहिला आणि म्हणाल्या, "पडू दे."

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. मार्गशीर्षात त्यांचं एक जाळं परत गेलं. खूण होती तरी गेलं. आपल्या तक्रारीचा तपास चालू आहे असं ठाण्यात सांगतात, अजून कुणी सापडलेलं नाही. तो पाव्हणा लिलावाला आता दिसत नाही, दुसऱ्या गावी दिसतो म्हणतात. मागच्या बैठकीत आम्ही वहिनींना विचारलं, अजून बंदूक पाहिजे वाटते का? त्या म्हणाल्या, "बॅटरीचा उजेड तोंडावर आला की वाटती. शिट्टी वाजली की मग न्हाई वाटत."

आक्कांनी मात्र पोहायला शिकायचं काढलंय. वय पासष्ट. त्यांना आम्ही म्हटलं, आधी जॅकेट घाला.

ज्या मैत्रिणी पाण्यावर जातात, मग त्या करमाळ्याच्या असोत, माढ्याच्या असोत, पंढरपूरकडच्या असोत, त्यांनी आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारून घ्या. संस्थेच्या यादीत तुमचं स्वतःचं नाव आहे का, आणि विम्याच्या यादीत आहे का. नसेल तर आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. एकटी जाऊ नका, तिघी-चौघी जा. जेवण करून जा, कारण बसवून ठेवतात.